वाचकांचे प्रश्न: रिपीटर, रिले आणि चुका दुरुस्त करणारे कोड

गेल्या अंकात मोबाईलची रेंज कशावर अवलंबून असते ते लिहिलं होतं, टॉवरची उंची, अंतर, भिंती वगैरे. त्यावर आलेले बरेच प्रश्न एकाच मुद्द्याभोवती आहेत, की सिग्नल येतो पण खराब होऊन येतो, मग त्याचं करायचं काय, आणि मधे तिसरं कुणी मदतीला असेल तर फायदा नेमका किती. हा माझ्या अत्यंत आवडीचा विषय आहे, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेतलेत. एकदोन उत्तरं लांबलीयेत, पण ती लांबायलाच हवी होती.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): आमचं घर लांबट आहे आणि राउटर पुढच्या खोलीत. मागे रेंज यावी म्हणून मधे वाय-फाय रिपीटर लावला. आता रेंज फुल दिसते पण स्पीड निम्म्यावर आलाय. दुकानदार म्हणतो असंच असतं. खरंच असंच असतं की मला खराब पीस दिलाय?

उत्तर: दुकानदार खरं सांगतोय. साध्या रिपीटरमधे रेडिओ एकच असतो आणि तो ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, आणि बोलत असताना त्याला ऐकता येत नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज राउटरकडून येणाऱ्या सिग्नलपेक्षा कोट्यवधी पटींनी मोठा असतो. त्यामुळे प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं, एकदा राउटर ते रिपीटर आणि एकदा रिपीटर ते लॅपटॉप, आणि त्या दोन्ही वेळा चॅनल अडलेला असतो. निम्मा स्पीड तिथेच गेला.

उपाय म्हणाल तर सगळ्यात चांगला म्हणजे मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. केबल नको असेल तर असा मेश (एकत्र मिळून एकच वाय-फाय देणारे दोन-तीन डबे) घ्या ज्यात दोन डब्यांनी आपापसात बोलायला वेगळा बँड राखून ठेवलेला असतो. आणि आहे तोच रिपीटर ठेवायचा असेल तर तो रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, राउटरचा सिग्नल जिथे अजून बऱ्यापैकी आहे अशा जागी ठेवा, म्हणजे निदान पहिला टप्पा तरी वेगात होईल.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. राउटर जेव्हा रिपीटरशी बोलतो तेव्हा ते मागच्या खोलीतल्या लॅपटॉपच्या अँटेनापर्यंतही पोचतं, अगदी क्षीण, फाटलेलं, पण पोचतं. लॅपटॉप ते फेकून देतो आणि फक्त रिपीटरकडून येणाऱ्या प्रतीवर अवलंबून राहतो. त्या क्षीण प्रतीत माहिती असते हो. ती न फेकता वापरायची कशी, हा सहकारी रिलेइंग नावाच्या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि पुढच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

प्रश्न (बँकेतून निवृत्त झालेल्या एक वाचक, ठाणे): चूक झालीये हे कळणं मी समजू शकते, आम्हीसुद्धा बेरीज जुळली नाही की समजायचो. पण मूळ मजकूर माहीत नसताना नेमका कोणता बिट चुकला हे समोरच्याला कसं कळतं?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न आणि रिचर्ड हॅमिंग यांचा प्रश्न एकच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधे ते शनिवार-रविवारी आपली गणितं मशीनवर लावून जायचे आणि सोमवारी येऊन बघावं तर मशीनला कुठेतरी चूक सापडलेली आणि तिने यांचं काम अर्धवट सोडून पुढचं घेतलेलं. ते वैतागले, की चूक झालीये हे मशीनला कळतं तर कुठे झालीये हे का कळू नये. त्यातून जे निघालं ते त्यांनी १९५० साली छापलं आणि ते इतकं सोपं आहे की इथेच करून बघता येईल.

समजा चार बिट (प्रत्येक बिट म्हणजे ० किंवा १) पाठवायचेत, क, ख, ग आणि घ, आणि त्यांच्या किमती १, ०, १, १. आता तीन गट करायचे. पहिल्यात क, ख, घ. दुसऱ्यात क, ग, घ. तिसऱ्यात ख, ग, घ. प्रत्येक गटाला एक जादा बिट जोडायचा, असा की गटातल्या १ ची संख्या सम झाली पाहिजे. पहिल्या गटात दोन १ आहेत, आधीच सम, म्हणून जादा बिट ०. दुसऱ्यात तीन आहेत म्हणून जादा बिट १. तिसऱ्यात दोन, म्हणून ०. असे एकूण सात बिट गेले. वाटेत ग उलटला, १ चा ० झाला. समोरच्याला मूळ मजकूर माहीत नाही, पण गट माहीत आहेत, तो फक्त मोजतो. पहिला गट सम, ठीक. दुसरा विषम आला, तिसराही विषम आला. आता दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आहे पण पहिल्यात नाही असा बिट सातांमधे एकच आहे, ग. तो उलटा केला की मजकूर बरोबर. जादा बिटांपैकीच एखादा उलटला असता तर फक्त एकच गट विषम आला असता, त्यामुळे तीही चूक ओळखता येते.

कागदावर हे एकदा स्वतः करून बघाच, वेगवेगळे बिट उलटवून. मग दोन बिट एकदम उलटवून बघा, तिथे ही युक्ती फसते, ती चुकीचा तिसराच बिट दुरुस्त करायला जाते. म्हणून पुढे जास्त ताकदीचे कोड (जादा बिट जोडायच्या अशा पद्धतींना कोड म्हणतात) आले, आणि ती गोष्ट मोठी रंजक आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच सिद्ध करून ठेवलं होतं की प्रत्येक चॅनलला (सिग्नल जातो त्या वाटेला) माहितीच्या वेगाची एक मर्यादा असते आणि तिच्या आत राहिलात तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात, पण तसा कोड प्रत्यक्षात कसा बनवायचा ते त्यात नव्हतं. मर्यादेच्या अगदी जवळ पोचायला १९९३ उजाडलं. फ्रान्सच्या ब्रेस्तमधले क्लोद बेरू आणि आलँ ग्लाव्यू आणि त्यांच्यासोबत पुण्य थितिमाजशिमा यांनी जिनिव्हाच्या परिषदेत टर्बो कोड मांडले, शॅनन मर्यादेपासून फक्त ०.७ डेसिबल लांब (डेसिबल हे ताकदीच्या पटींचं माप, १० डेसिबल म्हणजे दहापट), आणि ऐकणाऱ्यांचा सुरुवातीला विश्वासच बसेना. त्याच्या मागोमाग लक्षात आलं की रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास एमआयटीतल्या पीएचडीत मांडलेला एलडीपीसी नावाचा कोडही तितकाच भारी आहे, फक्त तेव्हाच्या कॉम्प्युटरना तो झेपण्यासारखा नव्हता म्हणून जवळजवळ तीस वर्षं विसरला गेला. ३जी आणि ४जीचा डेटा टर्बोवर चालला, ५जीचा डेटा एलडीपीसीवर चालतो, आणि ५जीतले नियंत्रणाचे संदेश पोलर कोडवर, जे तुर्कस्तानातल्या बिल्केंत विद्यापीठाच्या एर्दाल अरिकान यांनी २००९ साली छापले.

तुमच्या पत्रात शेवटी विचारलंय की सरळ प्रत्येक गोष्ट तीनदा का पाठवू नये. पाठवता येते, पण चार बिटांचे बारा होतात, हॅमिंगमधे सातच झाले. आणि बॅटरीतली तेवढीच ऊर्जा तीन ठिकाणी वाटली तर प्रत्येक प्रत तितकीच क्षीण होते, त्यामुळे साध्या गोंगाटाविरुद्ध तीनदा पाठवण्याने हाती काहीच लागत नाही. जादा बिट पाठवायचेच तर ते नवीन काहीतरी सांगणारे हवेत.

प्रश्न (एक वाचक, चिपळूण): घरात एका खुर्चीत बसलं की फोन नीट चालतो, तीच खुर्ची वीतभर सरकवली की नेट गायब. रेंजच्या दांड्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. हा फोनचा दोष की माझा भ्रम?

उत्तर: दोन्ही नाही, हे अगदी खरं आहे आणि याचं नाव फेडिंग. टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत एका वाटेने येत नाही, थोडा सरळ, थोडा डोंगरावर आपटून, थोडा समोरच्या घराच्या पत्र्यावरून. या सगळ्या लाटा तुमच्या अँटेनापाशी एकत्र येतात, कुठे एकमेकींना जोर देतात आणि कुठे एकमेकींना मारून टाकतात. ९०० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते आणि २३०० मेगाहर्ट्झला १३, त्यामुळे जोर आणि शुकशुकाट यांतलं अंतर खरोखरच वीतभर किंवा त्याहून कमी असू शकतं. दांड्या सरासरी ताकद दाखवतात, त्यांना हे कळत नाही.

आता वरच्या उत्तरातले कोड इथे का कामाला येत नाहीत ते बघा, कारण मला वाटतं बहुतेक लेखांत हाच धागा सुटतो. तुम्ही चालत्या गाडीत असलात तर असे सगळे खराब ठिपके भराभर मागे पडत जातात, थोडे बिट खराब, पुढचे चांगले, परत थोडे खराब. मग बिटांचा क्रम आधीच पिसून पाठवला की खराब झालेले बिट विखुरले जातात आणि कोड ते सावरून घेतो. जुन्या जीएसएममधे, म्हणजे २जीमधे, बोलण्याचा २० मिलिसेकंदांचा तुकडा असाच आठ वेगवेगळ्या बर्स्टमधे (वेगवेगळ्या वेळी पाठवलेल्या छोट्या तुकड्यांमधे) वाटून पाठवत. पण तुम्ही खुर्चीत बसलेले असलात आणि खुर्ची नेमकी खराब ठिपक्यावर असली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच बिट खराब, पिसून काय उपयोग, सगळीकडे तेच. जीएसएममधे यासाठी फ्रिक्वेन्सी हॉपिंगची सोय होती, सेकंदाला साधारण २१७ वेळा फ्रिक्वेन्सी बदलायची, कारण एका फ्रिक्वेन्सीला जी जागा मेलेली ती दुसरीला जिवंत असू शकते. आताच्या फोनमधे दोन किंवा जास्त अँटेना असतात त्यामागेही हेच, एक बुडाली तरी दुसरी बुडेलच असं नाही.

आकड्यांत सांगतो, कारण आकडा बघितल्यावरच याची ताकद कळते. समजा सरासरी सिग्नल गरजेपेक्षा १०० पट आहे. नुसत्या विखुरलेल्या लाटा असतील, सरळ वाट नसेल, तर तरीही साधारण १०० पैकी १ जागी तो गरजेच्या खाली जातो. ताकद अजून १० पट वाढवली तर १००० पैकी १. आता ताकद न वाढवता एकमेकांशी संबंध नसलेली तितकीच चांगली दुसरी वाट मिळाली, तर दोन्ही एकदम बुडण्याची शक्यता १०,००० पैकी १. म्हणजे टॉवर दहापट जोरात ओरडून जे साधत नाही ते दुसऱ्या वाटेने साधतं. ही दुसरी वाट कुठून आणायची याचंच एक उत्तर म्हणजे रिले.

(तुमच्यासाठी सध्या तरी, खुर्ची सरकवा.)

प्रश्न (इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या दोघी, सांगली): आमचा प्रोजेक्ट सहकारी रिलेवर आहे. सर म्हणतात ॲम्प्लिफाय-अँड-फॉरवर्ड सोपं आहे, तेच करा. वाचलेल्या पेपरमधे डीकोड-अँड-फॉरवर्ड चांगलं म्हटलंय. आणि एरर करेक्शन कोडचा भाग यात कुठे बसवायचा हेच कळत नाहीये. प्लीज सविस्तर लिहा.

उत्तर: सविस्तरच लिहितो. आधी थोडं मागचं. मधे एक रिले असलेला चॅनल व्हॅन डेर म्यूलन यांनी १९७१ साली मांडला आणि १९७९ साली कव्हर आणि एल गमाल यांनी त्यावर तो पेपर लिहिला ज्याचा आधार आजही सगळे घेतात. त्यात फेडिंग नव्हतं, तिथे प्रश्न होता की जास्तीत जास्त किती माहिती नेता येईल. आणि गंमत म्हणजे एकच रिले असलेल्या या सगळ्यात साध्या नेटवर्कची नेमकी मर्यादा सर्वसाधारणपणे अजूनही कुणाला काढता आलेली नाही. फेडिंगसाठी शेजाऱ्याची मदत घ्यायची हा विचार सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग यांच्या २००३ च्या पेपरांतून आणि लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांच्या २००४ च्या पेपरातून पक्का झाला. तुम्ही जी नावं वापरताय ती मुख्यतः तिथून रूढ झाली.

ॲम्प्लिफाय-अँड-फॉरवर्ड म्हणजे रिलेने जे ऐकलं ते गोंगाटासकट वाढवून पुढे पाठवायचं. गोंगाटही वाढतो हा तोटा, पण शेवटच्या रिसीव्हरकडे दोन प्रती येतात आणि दोन्हींतला गोंगाट वेगळा असतो, त्यामुळे ज्या प्रतीवर भरवसा जास्त तिला जास्त वजन देऊन बेरीज केली की दुसऱ्या वाटेचा पूर्ण फायदा मिळतो. डीकोड-अँड-फॉरवर्डमधे रिले आधी मजकूर नीट वाचतो, चुका काढतो आणि कोरा करकरीत सिग्नल पाठवतो. ऐकायला हे नक्कीच चांगलं वाटतं. पण रिलेने काही झालं तरी डीकोड करायचंच असा नियम ठेवलात तर उगमापासून, म्हणजे मूळ पाठवणाऱ्यापासून, रिलेपर्यंतची वाट बुडली की सगळंच बुडतं, आणि ताकद वाढवल्यावर चुका किती वेगाने घटतात तो उतार एकाच वाटेचा राहतो, दोनचा होत नाही. हे लेनमन आणि मंडळींच्या पेपरात स्पष्ट आहे. तोडगा सोपा आहे, रिलेने सीआरसी (मजकुरात चूक आहे का एवढंच सांगणारे तपासणीचे बिट) तपासायचा, जुळला तरच पाठवायचं, नाही जुळला तर गप्प बसायचं आणि उगमाने स्वतः परत पाठवायचं. एवढ्याने उतार दोनचा होतो. याहूनही चांगलं म्हणजे आधी रिसीव्हरला विचारायचं, तुला सरळ मिळालं का, मिळालं असेल तर रिलेने बोलायचंच नाही, कारण रिले बोलला की एक जादा वेळ खर्च होतो आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

आता कोडचं. वर्गात मॅडम डिक्टेशन देतायत आणि मागच्या बाकावरच्या मुलीला पंख्याच्या आवाजात मधलेमधले शब्द गाळून ऐकू आलं. पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीला सगळं नीट ऐकू आलंय. ती मागे वळून पूर्ण वाक्य परत सांगू शकते, किंवा जे शब्द वाक्याचा अर्थ पक्का करतील तेवढेच सांगू शकते, आणि मागची मुलगी आपल्या वहीतलं अर्धवट वाक्य न खोडता त्यात ते भरते. दुसऱ्या पद्धतीत वेळही कमी लागतो आणि वाक्यही जास्त खात्रीचं होतं. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या टॉड हंटर आणि आरिया नोसरातिनिया यांनी याच धर्तीवर कोडेड कोऑपरेशन मांडलं. मजकुराला कोड लावायचा आणि कोडवर्डचे, म्हणजे मजकूर आणि जादा बिट मिळून जे तयार होतं त्याचे, दोन भाग करायचे. पहिला भाग उगम स्वतः पाठवतो आणि तो असा निवडलेला असतो की वाट चांगली असेल तर त्यावरूनच मजकूर काढता येईल. जोडीदाराने तो ऐकला, सीआरसी जुळला, तर तो त्याच मजकुरावरून दुसरा भाग स्वतः तयार करतो आणि पाठवतो. तेच बिट परत नाहीत, नवे पॅरिटी बिट, म्हणजे हॅमिंगच्या उदाहरणातल्यासारखे जादा बिट. सीआरसी जुळला नाही तर तो त्या वेळात स्वतःच्या मजकुराचा दुसरा भाग पाठवतो, वेळ वाया जात नाही. रिसीव्हरकडे एकाच कोडवर्डचे दोन तुकडे दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि तो ते एकत्र डीकोड करतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की कोड रिलेच्या आधी किंवा नंतर बसवायचा नसतो, एकच कोड दोन ठिकाणी पसरवायचा असतो.

याचं सगळ्यात सुंदर रूप मला डिस्ट्रिब्युटेड टर्बो कोड वाटतं, झाओ आणि व्हॅलेंटी यांचं, २००३ च्या आसपासचं. टर्बो कोडमधे एकच मजकूर दोन एन्कोडरमधून जातो, दुसऱ्याला तो क्रम पिसून दिला जातो. यांनी म्हटलं, पहिला एन्कोडर उगमाकडे आहेच, दुसरा रिलेकडे देऊ. रिले मजकूर वाचतो, क्रम पिसतो, परत एन्कोड करतो आणि पाठवतो. रिसीव्हरला आपोआप टर्बो कोड मिळतो, जो कुणी एकट्याने पाठवलेलाच नाही!

एक गोष्ट मात्र करू नका. रिसीव्हरमधे प्रत्येक बिट आल्या आल्या ० की १ असा निकाल लावू नका. नक्की ०, बहुतेक ०, सांगता येत नाही, बहुतेक १, हा सगळा तपशील डीकोडरला द्या. साध्या गोंगाटाच्या चॅनलवर कन्व्होल्यूशनल कोडला (बिटांच्या सलग धारेवर चालणारा एक कोड) नुसत्या एवढ्यानेच सुमारे २ डेसिबलचा फायदा होतो, म्हणजे दीडपटीहून जास्त ताकद फुकटात. दोन प्रतींची बेरीजही याच कच्च्या आकड्यांवर करायची, निकाल लावून मग मतमोजणी करायची नाही. मी इतक्या कळकळीने सांगतोय कारण विद्यार्थ्यांचे सिम्युलेशन कोड बघतो तेव्हा बहुतेकदा हाच भाग घाईत उरकलेला असतो आणि मग रिलेचा फायदाच दिसत नाही.

आलेख काढताना आडव्या अक्षावर डेसिबल आणि उभ्यावर चुकीचं प्रमाण लॉग स्केलवर घ्या आणि उतार बघा. १० डेसिबलला चूक दहापट कमी होत असेल तर एकच वाट कामाला लागलीये, शंभरपट होत असेल तर दोन. आणि तुलना करताना एकूण ताकद आणि एकूण वेळ सारखा धरा. रिलेला त्याची ताकद फुकट दिली आणि जादा स्लॉट मोजलाच नाही तर आलेख छान दिसतो पण त्याला अर्थ नसतो, व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल. रिलेची जागाही बदलून बघा. उगमाजवळ असेल तर डीकोड करणं बरं. शेवटच्या रिसीव्हरजवळ असेल आणि त्याला नीट वाचता येत नसेल तर त्याने जे ऐकलं तेच दाबून, कॉम्प्रेस करून पाठवणं बरं, ही कल्पनाही कव्हर आणि एल गमाल यांच्या १९७९ च्या पेपरातलीच आहे. स्वतःला न समजलेलं ऐकणंसुद्धा दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, हे गणिताने सिद्ध होतं याचं मला आजही अप्रूप आहे.

सरांचं म्हणाल तर ॲम्प्लिफाय-अँड-फॉरवर्डने सुरुवात करा, ते बरोबर सांगतायत, एका आठवड्यात चालायला लागेल. मग कोडेड कोऑपरेशन घाला आणि दोघांची तुलना हाच प्रोजेक्ट करा.

प्रश्न (एक किराणा दुकानदार, पुणे): आमच्या काउंटरवरचा क्यूआर कोडचा स्टिकर एका कोपऱ्यात फाटलाय तरी पैसे येतात. हे पण तुमच्या विषयातलंच का? आणि यात आपल्याकडच्या कुणाचं काही काम आहे का?

उत्तर: हो, तंतोतंत. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने काढला आणि त्यात रीड-सॉलोमन कोड असतो, १९६० सालचा. चार पातळ्या असतात, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के डेटा खराब झाला तरी वाचता येईल अशा. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत हवेत, त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कोड सापडतो, त्यामुळे फाटलेला कोपरा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत स्टिकर बदला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्या काउंटरवरच आहे. कोणती पातळी वापरलीये हे सांगणारे १५ बिट त्या चौकोनांच्या बाजूला असतात आणि त्यांना बीसीएच कोड लावलेला असतो. त्यातले बी म्हणजे राजचंद्र बोस आणि सी म्हणजे द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी, दोघांनी तो १९६० साली छापला. एच म्हणजे फ्रान्सचे ओकेंगेम, ते स्वतंत्रपणे वर्षभर आधी तिथेच पोचले होते. आणि बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे, जे नागपूरला शिकवायचे आणि नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, त्यांनी बोस यांच्याबरोबर १९५९ साली हादामार्द मॅट्रिक्सपासून (फक्त +१ आणि -१ असलेल्या एका खास चौकोनी मांडणीपासून) कोड कसे बनतात यावर पेपर लिहिला. त्याच वर्षी या दोघांनी पार्कर यांच्या साथीने चौकोनी मांडण्यांबद्दलचं गणितज्ञ ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं अनुमान खोटं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. श्रीखंडे २०२० साली १०२ वर्षांचे होऊन गेले. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (सातवीतला एक वाचक, कोल्हापूर): प्रज्ञान रोव्हर चंद्रावरून थेट भारताशी बोलत होता का?

उत्तर: नाही रे. प्रज्ञान फक्त विक्रम लँडरशी बोलायचा. विक्रम पुढे बंगळूरजवळच्या ब्यालालूला असलेल्या मोठ्या अँटेनांशी बोलायचा, आणि गरज पडली तर चांद्रयान-२ चा ऑर्बिटर, जो आधीपासून चंद्राभोवती फिरतोय, तोही मधे रिले म्हणून तयार ठेवला होता. प्रज्ञान छोटासा, त्याच्यावर मोठी अँटेना आणि मोठी बॅटरी कुठे ठेवणार? चीनने २०१८ साली तर आधी चेचियाओ नावाचा रिले उपग्रहच चंद्राच्या पलीकडे नेऊन ठेवला आणि मग जानेवारी २०१९ मधे चांग'अ-४ चंद्राच्या मागच्या बाजूला उतरवलं, कारण तिथून पृथ्वी दिसतच नाही. पण लक्षात घे, इथे रिलेशिवाय दुसरी वाटच नाही. दोन वाटांनी आलेलं एकत्र करायचा भाग, ज्याबद्दल मी वर सांगलीच्या ताईंना लिहिलंय, तो इथे येत नाही.

प्रश्न (एक वाचक, बंगळूर): नाशिकच्या वाचकांसारखा प्रश्न माझ्याही मनात होता. रिले मधे आला की वेळ दुप्पट लागतो हे गणिताने कमी करता येतं का?

उत्तर: दोन्ही बाजूंना एकमेकांना काही पाठवायचं असेल तर येतं. अ ला ब कडे आणि ब ला अ कडे, मधे रिले. साध्या पद्धतीने चार फेऱ्या. त्याऐवजी अ ने रिलेला दिलं, ब ने रिलेला दिलं, आणि रिलेने दोन्हींचं एक्सऑर करून (बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १) एकच पॅकेट हवेत सोडलं. अ कडे स्वतःचं पॅकेट आहेच, ते परत एक्सऑर केलं की ब चं मिळतं, आणि ब चंही तसंच. तीन फेऱ्यांत काम झालं. पॅकेटं अशी मधे एकत्र करण्याला नेटवर्क कोडिंग म्हणतात, त्याचा पाया २००० साली आल्सवीड, त्साय, ली आणि युंग यांनी घातला, आणि वायरलेसमधे हे प्रत्यक्ष चालवून दाखवलं ते एमआयटीतल्या कोप नावाच्या प्रकल्पाने, २००६ साली. त्याचे पहिले लेखक सचिन कट्टी आयआयटी मुंबईत शिकलेले. मात्र यासाठी दोन्हीकडून जाणारं ट्रॅफिक बऱ्यापैकी सारखं हवं. तुम्ही नुसता सिनेमा बघत असाल तर सगळं एकाच दिशेने येतंय, एक्सऑर करायला दुसरं पॅकेटच नाही.

प्रश्न (एक वाचक, न्यू जर्सी): एवढं सगळं चांगलं आहे तर माझा फोन शेजाऱ्याच्या फोनला मदत का करत नाही? आणि केली तर माझी बॅटरी आणि त्याचा खाजगी डेटा याचं काय?

उत्तर: खाजगी डेटाची काळजी त्यातल्या त्यात कमी. फोन आणि नेटवर्क यांच्यातला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, मधल्या फोनला तो पुढे सरकवायला समजायची गरज नसते. बॅटरीची काळजी मात्र खरी आहे. दुसऱ्यासाठी ऐकायचं म्हणजे रेडिओ जागा ठेवायचा, आणि ज्याला मदत मिळते तो वेगळा, खर्च होतो तो वेगळा, याचा हिशोब कोण ठेवणार हे कंपन्यांना अजून नीट बसवता आलेलं नाही. शिवाय दोन फोनमधली वाट कधी आहे कधी नाही, माणूस उठून गेला की संपलं, ती सारखी तपासत राहण्यात वेळ जातो.

तरी मानकांमधे हे हळूहळू येतंय. ४जीच्या मानकाच्या रिलीज १० मधे (रिलीज म्हणजे मानकाची आवृत्ती) रिले नोड आले, रिलीज १२ मधे फोन ते फोन थेट बोलण्याची सोय झाली, मुख्यतः पोलीस, अग्निशमन वगैरे लोकांसाठी, म्हणजे टॉवर पडला तरी त्यांचं आपापसात चालावं. ५जीच्या रिलीज १६ मधे टॉवरच टॉवरला वायरलेसने जोडायची पद्धत आली, जिथे फायबर नेता येत नाही तिथे ती उपयोगी, आणि रिलीज १७ मधे एका फोनने दुसऱ्याला नेटवर्कपर्यंत नेण्याचे नियम आले. पण या सगळ्यात रिले पॅकेट पूर्ण डीकोड करून (आतला एन्क्रिप्ट केलेला मजकूर न उलगडता) पुढे देतो एवढंच, थेट आलेली क्षीण प्रत आणि रिलेची प्रत एकत्र करून डीकोड करणं यात नाही.

ती गोष्ट तुमच्या फोनमधे वेगळ्या जागी मात्र रोज होते. ४जी-५जीमधे पॅकेट खराब आलं तर फोन ते टाकून देत नाही, कच्च्या आकड्यांसकट बफरमधे ठेवतो आणि टॉवरला कळवतो. टॉवर दुसऱ्या वेळी तेच बिट न पाठवता त्याच कोडवर्डचे वेगळे पॅरिटी बिट पाठवू शकतो, फोन जुनं आणि नवं एकत्र करून डीकोड करतो, आणि दोन्ही एकेकटी वाचता न येणारी पॅकेटं मिळून बरोबर मजकूर निघतो. म्हणजे एकत्र करायचं गणित, चिप आणि मेमरी हे सगळं फोनमधे आधीच आहे. दुसरं पॅकेट टॉवरऐवजी शेजारच्या फोनकडून आलं तरी डीकोडरला काही फरक पडत नाही, अडचण आहे ती दोघांनी एकाच वेळेवर आणि एकाच कोडवर्डवर काम करण्याची, आणि त्या बॅटरीच्या हिशोबाची. माझ्या मते याची सुरुवात फोनपासून होणार नाही, जिथे सगळी यंत्रं एकाच मालकाची असतात तिथून होईल, शेतातले सेन्सर, कारखाना, वीजमीटर, कारण तिथे कुणाची बॅटरी कुणासाठी खर्च झाली हा प्रश्नच येत नाही.